मागून मिळालेला मान



आपल्या मराठीत एक म्हण उजवीकडे नेते, तर दुसरी डावीकडे. 'रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही' असे आपण मुलाला शिकवतो. तोच मुलगा मोठा होऊन चारचौघांत म्हणाला की, 'माझे काम तुम्ही विसरलात', तर 'मान का मागून मिळतो?' असे म्हणून त्याला गप्प बसवतो. पैशाच्या बाबतीत आपले दुमत नाही. थकलेला पगार मागावा, उसने दिलेले मागावे, भाडे मागावे. पण केलेल्या कामाची ओळख राहून गेली असेल तर काय करावे? मुकाट्याने बसावे की आठवण करून द्यावी? आणि आठवण करून देणारा हलका ठरत असेल, तर विसरणारे भारी ठरतात काय?

हा प्रश्न कोरडा चघळण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यावरून पाहू. त्याचे नाव बेनी फ्रीडमन. अमेरिकेतला यहुदी, आणि धंदा फुटबॉल खेळण्याचा.

फुटबॉल म्हणजे आपण शाळेच्या मैदानात पायाने मारीत होतो तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो. तो छातीशी धरून पळायचे आणि समोरच्यांनी अंगावर पडून पळणाऱ्याला पाडायचे, असा तो धसमुसळा खेळ. १९०६ साली नियम झाला की, चेंडू हाताने पुढे फेकला तरी चालेल. पण परवानगी मिळाली म्हणजे रीत पडली असे होत नाही. त्यानंतरची वीस वर्षे बहुतेक संघ रेटारेटी करूनच पुढे सरकत. त्याला कारणेही होती. तेव्हाचा चेंडू आजच्यासारखा निमुळता नव्हता. छोट्या कलिंगडासारखा फुगीर होता, एका हातात धड मावत नसे. फेकणाऱ्याने रेषेच्या मागे निदान पाच यार्ड राहूनच फेकावे, असा दंडक व्यावसायिक खेळात १९३३ पर्यंत होता. गोलरेषेपलीकडे फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही, तर तो सरळ प्रतिपक्षाच्या हवाली होई. म्हणून चेंडू फेकणे हा शेवटचा उपाय समजत. दुसरे काही चालेना, की फेका.

फ्रीडमनने हा शेवटचा उपाय पहिला केला. त्याची सारी कर्तबगारी या एका वाक्यात येते. आज अमेरिकेत ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात, म्हणजे संघाच्या मध्याशी उभा राहून चेंडू कोणाला द्यायचा, कोठे फेकायचा हे ठरवणारा गडी, त्याचे आजचे रूप घडवणाऱ्यांत फ्रीडमनचा क्रम अगदी वरचा आहे.

त्याचा जन्म १८ मार्च १९०५ रोजी ओहायो संस्थानातील क्लीव्हलंड गावी झाला. आईबाप रशियातून आलेले, वडील शिंपीकाम करीत. घर जुन्या वळणाचे, धर्म पाळणारे. मुलाला हा दांडगा खेळ खेळताना काही होऊ नये म्हणून त्याची आई सामन्याच्या आधी दानपेटीत अठरा सेंट टाकी, असे सांगतात. अठराचाच आकडा का, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुलगा अंगाने फार थोराड नव्हता. 'या खेळाला तू लहान पडशील' असे त्याला शाळेतच ऐकावे लागले. त्यावर त्याने हाताचा पंजा ताणण्याचे आणि मनगट बळकट करण्याचे व्यायाम चालवले, ते तो फुगीर चेंडू एका हातात पक्का बसेपर्यंत.

पुढे तो मिशिगन विद्यापीठात गेला. तेथेही प्रथम बाकावरच बसला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या रेड ग्रेंज नावाच्या खेळाडूने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार वेळा गोलरेषा ओलांडली. मिशिगनची ३९-१४ अशी दाणादाण उडाली आणि त्यानंतर फ्रीडमनला संघात कायमची जागा मिळाली. मग १९२५ आणि १९२६ अशी दोन्ही वर्षे देशातल्या निवडक खेळाडूंत त्याची गणना झाली, आणि १९२६ साली तो संघाचा कप्तान होता. फ्रीडमनने फेकावे आणि त्याचाच नामबंधू बेनी उस्टरबान याने झेलावे, ही जोडी गाजली.

त्या काळी मान होता तो कॉलेजच्या फुटबॉलला. पैसे घेऊन खेळणारे म्हणजे जवळजवळ तमासगीर. क्लब उघडत आणि बंद पडत. फ्रीडमन १९२७ साली क्लीव्हलंडच्या क्लबात गेला, तो वर्षभरात आटोपला. १९२८ साली डेट्रॉइटच्या क्लबातून खेळला. न्यूयॉर्क जायंट्सचे मालक टिम मारा यांना हा खेळाडू हवा होता. एकट्याला मिळेना म्हणून त्यांनी डेट्रॉइटचा अख्खा संघच विकत घेतला! न्यूयॉर्कमध्ये यहुदी वस्ती मोठी, तेव्हा आपला माणूस पाहायला लोक तिकीट काढतील, हाही हिशेब त्यात होता. वर्षाला १०,००० डॉलर ठरले. सर्वसाधारण खेळाडूला सामन्यामागे शे-दीडशे मिळत, त्या काळची ही गोष्ट.

१९२९ साली जायंट्सने पंधरा सामन्यांपैकी तेरा जिंकले आणि एकच गमावला. फ्रीडमनने फेकलेल्या चेंडूंवर त्या मोसमात वीस वेळा गोलरेषा ओलांडली गेली. हा विक्रम १९४२ पर्यंत कोणी मोडला नाही. मधल्या काळात चेंडू निमुळता झाला होता आणि नियमही सैल झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विसाचे वजन कळते.

आणखी एक सामना सांगितला पाहिजे. मंदीच्या पहिल्या हिवाळ्यांपैकी एक, १४ डिसेंबर १९३०. न्यूयॉर्कमधील बेकारांच्या मदतीसाठी जायंट्स विरुद्ध नोत्र दाम विद्यापीठाचे आजी-माजी नामवंत, असा सामना पोलो ग्राउंड्सवर ठेवला. नोत्र दामचे गुरू क्नूट रॉकनी स्वतः हजर होते. कॉलेजवाले या पगारी मंडळींना धूळ चारतील असे पुष्कळांना वाटे. जायंट्सने २२-० असा विजय मिळवला. फ्रीडमनने दोनदा स्वतः धावत गोलरेषा गाठली. बेकारांच्या निधीत एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली, आणि पैशासाठी खेळणारे खेळ बिघडवतात हा समज त्या दिवशी बराचसा पडला.

आता मागण्याची गोष्ट सुरू होते. १९३१ च्या मोसमानंतर फ्रीडमनने मारांकडे क्लबाच्या मालकीत वाटा मागितला. मारांनी सांगितले की, क्लब मुलांसाठी राखून ठेवला आहे. बापाच्या दृष्टीने उत्तर वावगे नव्हते. फ्रीडमनने जायंट्स सोडले आणि ब्रुकलिनच्या संघात गेला. १९३४ साली त्याचे खेळणे संपले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात तो फुटबॉल शिकवू लागला, युद्धकाळात नौदलात गेला, आणि १९४९ पासून बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात क्रीडाविभागाचा प्रमुख झाला. हे विद्यापीठ अमेरिकेतील यहुद्यांनी नुकतेच, १९४८ साली, स्थापन केलेले. १९६० साली तेथील फुटबॉलच बंद झाला.

१९६३ साली ओहायोतील कँटन गावी व्यावसायिक फुटबॉलचे कीर्तिमंदिर उघडले. पहिल्या यादीत सतरा नावे होती. रेड ग्रेंजचे नाव होते. टिम मारा १९५९ साली वारले होते, पण त्यांचेही नाव होते. ज्याच्यासाठी त्यांनी आख्खा क्लब विकत घेतला, त्याचे नाव नव्हते.

दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही. दहा वर्षे गेली.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येथे एकच कारण येईल. मी ते सहजासहजी मान्य करणार नाही. १९६५ साली याच कीर्तिमंदिरात सिड लकमन या यहुदी क्वार्टरबॅकला जागा मिळाली. कोणाच्या पोटात काय होते ते देव जाणे, पण प्रत्येक बंद दारामागे द्वेषच उभा आहे असे धरून चालू नये. त्याने खरा द्वेष ओळखण्याची आपलीच नजर मंदावते. मला दिसते ते कारण साधे आहे, आणि म्हणूनच जास्त बोचणारे आहे. लीगने खेळाडूंच्या कामगिरीची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली १९३२ साली. फ्रीडमनचे ऐन भराचे दिवस १९२७ ते १९३१. म्हणजे त्याने केले ते हजारोंनी पाहिले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले, पण वहीत चढले नाही. वीस हा आकडासुद्धा पुढे अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून गोळा केलेला. पाहणारे म्हातारे झाले, गेले. निवड करणारे पत्रकार तरुण. त्यांच्यापुढे वहीच होती.

मग फ्रीडमन स्वतः बोलू लागला. त्याने वर्तमानपत्रांना लिहिले, मुलाखती दिल्या, आपण काय केले ते मोजून दाखवले. १९५९ पूर्वी खेळलेल्यांना लीगच्या पेन्शन योजनेतून वगळले होते, त्यांच्यासाठीही तो भांडला. पेन्शनसाठी भांडला त्याबद्दल त्याला कोणी नावे ठेवली नसतील. पण नावासाठी भांडला तेव्हा लोक म्हणू लागले, हा स्वतःचेच ढोल वाजवतो. आणि असे म्हटले जाते की, त्याच्या या बोलण्यानेच निवडणाऱ्यांची मने अधिक कडू झाली.

येथे मला माझी मास्तरकी आठवते. वर्गात दोन तऱ्हेची मुले असतात. एक पेपर हातात पडला की तो घेऊन तुमच्या खोलीच्या दाराशी उभा राहतो: "सर, बेरीज परत कराल का?" दुसरा पेपर घडी करून दप्तरात ठेवतो. पहिल्याबद्दल आमच्या शिक्षकांच्या खोलीत काय बोलले जाई ते लिहीत नाही. दुसऱ्याचे कौतुक होई. पण बेरीज करताना या कौतुकाचा काय उपयोग? पहिल्याला बावन्न मिळायला हवे असतील तर त्याच्या हावरटपणामुळे ते एकोणपन्नास होत नाहीत. त्याचा स्वभाव सुधारायचा तर तो गुरुवारच्या तासाला सुधारावा; पेपरावर नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, मास्तर, गुण वेगळे आणि मान वेगळा. गुण हे देणे आहे, मान ही देणगी आहे. देणगी मागितली की ती भीक होते. आक्षेप वजनदार आहे. वाढदिवसाला फुले आणा असे बायकोला सांगावे लागले, तर त्या फुलांत काय उरले? खरे आहे. पण कीर्तिमंदिर ही काही घरातली फुलदाणी नव्हे. ज्या संस्थेने दारावर पाटी लावली की, 'या खेळातले थोर येथे आहेत', तिने एक विधान केले आहे. विधान खरे असते किंवा खोटे असते. त्यात चूक असेल तर ती दाखवण्याचा हक्क कोणालाही आहे, आणि ज्याचे नाव गळले त्याला तो इतरांपेक्षा कमी कसा असेल?

तोरेतील सलाफहादाच्या पाच मुली आठवा. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप रानात वारला, मुलगा नाही, जमिनीच्या वाटणीत त्याचे नाव पुसले जाणार. त्या घरी रडत बसल्या नाहीत. साऱ्या मंडळीसमोर, मोशे आणि सरदारांसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मागितले. मोशेने त्यांना उद्धट म्हटले नाही, प्रकरण वर नेले. वरून निर्णय आला तो मुलींच्या बाजूने, आणि कायदाच बदलला. आणि नम्रतेचे म्हणाल, तर सर्वांत नम्र म्हणून ज्याची ख्याती त्या मोशेनेही यार्देन ओलांडू दे म्हणून स्वतःसाठी विनवणी केलीच होती. त्याला नकार मिळाला. पण त्याने मागितले म्हणून त्याची नम्रता कमी झाली असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

तेव्हा मागितले यात फ्रीडमनचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण सगळेच बरोबर होते असेही म्हणवत नाही. त्या मुलींनी वतन मागितले. लोकांनी आम्हाला वाखाणावे असे मागितले नाही. फ्रीडमनच्या मागण्यात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. नोंद दुरुस्त करा, हे म्हणणे रास्त. माझ्यासारखा दुसरा कोणी झाला नाही हे कबूल करा, हे म्हणणे निराळे. पहिल्या मागणीला पुरावा पुरतो. दुसरीला काहीच पुरत नाही, कारण लोकांच्या मनातला गोडवा अर्ज करून मिळत नसतो. आणि रास्त मागणीत ही दुसरी मिसळली, की समोरच्याला पहिलीही टाळायला निमित्त मिळते. अर्थात हे आपण आरामखुर्चीत बसून म्हणतो. दहा-पंधरा वर्षे दार ठोठावणाऱ्याचा आवाज चिरकला, तर दोष गळ्याचा किती आणि दाराचा किती?

त्या दोन गोष्टी त्याच्या मनात का मिसळल्या, याचाही विचार केला पाहिजे. त्याच्या तरुणपणी तोंड भरून कौतुक झाले होते. ज्या ग्रेंजचे नाव पहिल्याच यादीत लागले, तोही त्याला वाखाणत असे. पुढच्या पिढीत हजारो मुले फ्रीडमनच्या रीतीने चेंडू फेकू लागली आणि ती रीत कोणाची हे कोणालाच सांगावेसे वाटेना. जे सर्वांचे होऊन जाते, त्यावर कोणाचे नाव राहत नाही. पहिल्यांदा पायवाट पाडणाऱ्याचे हेच होते. रस्ता झाला की वाटते, तो येथे होताच.

शेवटची वर्षे कठीण गेली. मधुमेह जडला. १९७९ साली एक पाय कापावा लागला. ज्याचे सारे आयुष्य शरीराच्या बळावर गेले, त्याला ते परावलंबन सोसले नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, न्यूयॉर्कमधील राहत्या घरी त्याने स्वतःच आयुष्य संपवले. मान मिळाला नाही म्हणून त्याने असे केले, असे कोणी लिहिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आजाराने जर्जर माणसाच्या मनात काय चालते ते बाहेरच्याने एका कारणात बसवू नये. मात्र तो गेला तेव्हा कीर्तिमंदिराचे दार बंदच होते, ही वस्तुस्थिती आहे.

ते उघडले २००५ साली. म्हणजे मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. त्याच्या चेंडूपासून नव्हे, चेंडू फेकण्यापासून मोजले तर शहात्तर वर्षे झाली होती त्या विसाला.

आता या मानाचे काय करावे? तो कोणाला मिळाला? ज्याने मागितला तो नव्हता. काही जण म्हणतात, उशिरा का होईना, न्याय झाला. मला यातले 'उशिरा' टोचते. नोंद दुरुस्त झाली हे चांगले, पण ती झाली आपल्यासाठी, वाचणाऱ्यांसाठी. त्याचे देणे ज्यांनी ठेवले ते त्याला द्यायला आता कोणीही जाऊ शकत नाही. आपल्या या पत्रिकेतच पाहा. श्रद्धांजलीच्या पानावर कळते की, अमक्या बाईंनी तीस वर्षे शाब्बाथला मुलांना शिकवले, तमक्या गृहस्थांनी नव्याने आलेल्या किती कुटुंबांचे कागदपत्र भरून दिले. मजकूर खरा असतो, मनापासून लिहिलेला असतो. आणि वाचताना मनात येते की, हा मजकूर मागच्या पानावर, दोन वर्षे आधी, का नव्हता? त्या बाईंनी मागितला नाही म्हणून? मागितला असता तर आपण काय म्हटले असते?

२००५ च्या त्या समारंभात फ्रीडमनबरोबर आणखी तिघांना मान मिळाला. डॅन मरिनो आणि स्टीव्ह यंग हे दोघे अलीकडच्या काळातले नावाजलेले क्वार्टरबॅक. मरिनोने १९८४ साली एकाच मोसमात चेंडू फेकून अठ्ठेचाळीस वेळा गोल साधला होता. चौथे फ्रिट्झ पोलार्ड, व्यावसायिक फुटबॉलमधले पहिले काळे प्रशिक्षक, तेही १९८६ साली वारलेले. मरिनो आणि यंग स्वतः व्यासपीठावर होते. पोलार्ड आणि फ्रीडमन यांच्यासाठी त्यांच्या घरची माणसे उभी होती.